दहा चुली मोजणारी दगडाबाई

दगडाबाईला कुठल्याही सरकारी कचेरीत बसलेलं मी पाहिलं नाही. खुर्ची रिकामी असो, बाकडं रिकामं असो, ही उभीच. आणि उभी म्हणजे तरी स्थिर उभी? छे! या खिडकीपाशी जा, त्या दारातून डोकाव, शिपायाला गाठ, परत माझ्यापाशी ये आणि विचार, "बाई, काय झालं?" अगं, काय होणार? पाच मिनिटांपूर्वी काही झालं नव्हतं, आत्ताही काही झालेलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या आस्थापना विभागात चौतीस वर्षं काढली. कचेरीत कसं बसायचं हे मला कुणी शिकवायला नको. पण हिच्याबरोबर चार महिने फिरले आणि माझीच बसायची सवय मोडली. हल्ली मी बँकेतसुद्धा येरझाऱ्या घालते, आणि आमचे केशवराव म्हणतात, "भानुमती, तुझ्या अंगात दगडाबाई आली का?"

ती मूळची लासूर स्टेशनजवळच्या एका खेड्यातली. आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून आईबापांनी तिसरीचं नाव दगड ठेवलं, म्हणजे कुणाची नजर लागायला नको. नजर लागली नाही, पण सुखही फारसं लागलं नाही. नवरा साहेबराव लासूरच्या मोंढ्यात हमाल होता. त्याची पाठ गेली तेव्हा हे कुटुंब शहरात आलं आणि छावणीच्या पुढं, पडेगावच्या रस्त्याला एका गल्लीत राहिलं. मुलगा गोकुळ सातवीत असताना साहेबराव वारला. तेव्हापासून दगडाबाई भाकरी थापते. आधी छावणीतल्या एका हॉटेलला, मग घरोघर, आणि गेली अठरा वर्षं आमच्याकडे. तिची भाकरी तव्यावर टाकल्यावर पापुद्रा असा सुटतो की बघत राहावं. मी ज्वारीचं पीठ मळलं की कडा फाटतात. असो. माझं राहू द्या.

तिच्या गल्लीतल्या बऱ्याच बायका हेच काम करतात. जिची तिची भाकरी, जिचं तिचं गिऱ्हाईक, आणि हॉटेलवाल्यांचे नखरे मात्र सगळ्यांना सारखे. मागच्या दिवाळीनंतर दगडाबाईची सून मोनिका हिनं मोबाईलवरून कुठं कुठं फोटो पाठवले आणि जालना रोडवरच्या एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघराकडून विचारणा आली. रोज आठशे भाकरी. एक एप्रिलपासून. अट एकच, की काम एकट्यादुकट्या बाईला मिळणार नाही, नोंदणी झालेली संस्था पाहिजे, आणि नोंदणीचा कागद एकतीस मार्चच्या आत हातात पाहिजे. नाहीतर ते काम मशीनवर भाकरी करणाऱ्या एका ठेकेदाराला जाणार होतं. तो तर टपूनच बसला होता.

दगडाबाई त्या दिवशी भाकरी करायला आली आणि परातीत पीठ घ्यायच्या आधीच म्हणाली, "बाई, आपल्याला सोसायटी काढायचीय. तुम्ही लिव्हा, मी पळते."

आता सहकारी संस्था काढायची म्हणजे परातीत पाणी ओतण्याइतकं सोपं असतं का? मी तिला समजावून सांगितलं. किमान दहा सभासद लागतात, आणि ते दहा वेगवेगळ्या कुटुंबांतले लागतात. एका घरातल्या दोघी चालत नाहीत. ती "व्हय व्हय" करत निघून गेली. अर्ध्या तासात धापा टाकत परत.

"मोजल्या बाई. बरोब्बर दहा चुली."

मी दहा नावं लिहून घेतली. पहिलं दगडाबाईचं, दुसरं साळूबाईचं, सातवं मोनिकाचं. इथंच मी माती खाल्ली. दगडाबाई आणि मोनिका सासू-सुना आहेत हे मला ठाऊक होतं. पण त्या चार वर्षांपासून वेगळ्या आहेत हेही मला ठाऊक होतं. एकीची चूल मागच्या पडवीत, दुसरीची शेगडी पुढच्या खोलीत. दळण वेगळं, किराणा वेगळा. तिनं चुली मोजल्या आणि मी चौतीस वर्षं कागद हाताळलेली बाई, मीही चुलीच मोजल्या. तिच्या हिशेबानं जिथं धूर निघतो ते घर. मला तरी काय झालं होतं, देव जाणे.

पुढचे दोन महिने नुसती पळापळ. पहिली सभा पडवीत झाली. दगडाबाईला मुख्य प्रवर्तक नेमलं, म्हणजे नोंदणी होईपर्यंत सगळी धावपळ आणि सगळा जाब हिचा. संस्थेला नाव पाहिजे. कचेरीला तीन पर्याय द्यावे लागतात, त्यातलं रिकामं असेल ते मिळतं. मी सुचवलेली दोन्ही नावं आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेली निघाली. तिसरं दगडाबाईचं होतं, पापुद्रा. मी म्हटलं, अगं, हे काय नाव झालं? तर म्हणते, "भाकरीला दुसरं काय असतंय बाई?" कचेरीतला कारकून हसला, पण नाव मिळालं. पापुद्रा महिला भाकरी उत्पादक सहकारी संस्था मर्यादित. त्या दिवशी शहागंजात जाऊन तिनं दहा जणींना पेढे आणले, नोंदणीचा अजून पत्ता नसताना.

उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम, मी लिहिले. त्यात एक नियम मुद्दाम कडक घातला की सभासद स्वतः भाकरी करणारीच असली पाहिजे. उद्या कुणाचा नवरा, कुणी पुढारी, कुणी ठेकेदार आत घुसायला नको. फार हुशारी केली असं तेव्हा वाटलं. अर्जाच्या चार प्रती, प्रत्येकीवर दहा जणींच्या सह्या, त्यातले चार अंगठे. जानेवारीच्या शेवटी अर्ज दाखल झाला. सहा मार्चला बोलावणं आलं.

उपनिबंधक कार्यालयातला तो कारकून सभ्य माणूस होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. त्यानं रेशन कार्डांच्या झेरॉक्स एकेक करून उलटल्या आणि दोन बाजूला काढल्या.

"मॅडम, क्रमांक एक आणि क्रमांक सात. कार्ड एकच आहे. म्हणजे कुटुंब एक. नऊच झाले."

दगडाबाई टेबलावर वाकली. "चूल येगळी हाय, साहेब. चार वर्षं झाली."

"मावशी, चुलीचा दाखला कोण देतं?"

"कोनीबी देईल. गल्लीत येऊन विचारा की. हिचा कुकर वाजला तर मला ऐकू येतो, आन् माझा धूर हिच्या डोळ्यात जातो."

मोनिका मागं उभी होती, ती खाली बघत राहिली. कारकून म्हणाला, "तुमचं खरं असेल. पण मला कागद लागतो. एक तर दोघींची कार्डं वेगळी करून आणा, नाहीतर दुसरी सभासद द्या. पंचवीस तारखेच्या आत पूर्तता करा, म्हणजे महिनाअखेरीला साहेबांची सही होईल. नंतर माझ्या हातात काही नाही."

बाहेर आलो. मी म्हटलं, चला, सुटलो, कार्ड वेगळं करून घेऊ, आठ-दहा दिवसांचं काम. मोनिकानं सासूकडं पाहिलं. दगडाबाई तर ऐकलंच नाही अशी गेटाकडे चालायला लागली. "दुसरी बाई आणते," एवढंच म्हणाली.

इथं चार वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. भोगीचा दिवस होता. बाजरीच्या तिळाच्या भाकरींची मोठी मागणी होती आणि दोघी पहाटेपासून एकाच चुलीपुढं. मोनिकाची प्रेरणा तेव्हा तान्ही, धुरानं खोकून खोकून निळी पडत होती. मोनिका म्हणत होती गॅस आणू, सासू म्हणत होती गॅसवरची भाकर मेल्यावर खाईन. शब्दाला शब्द वाढला आणि मोनिकानं तांब्याभर पाणी पेटत्या चुलीत ओतलं. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या, साळूबाई सगळ्यांत पुढं. सणाच्या दिवशी, पेटती चूल, सुनेच्या हातानं विझलेली! दगडाबाईनं तवा उचलला आणि मागच्या पडवीत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं तिथं चूल घातली. तेव्हापासून दोघी बोलतात, पण कामापुरतं. पीठ, टोपल्या, गिऱ्हाईक. घराबद्दल एक शब्द नाही.

मोनिकानं त्यानंतर तीनदा कार्ड वेगळं मागितलं. गोकुळ वाळूजच्या कंपनीत कामाला, त्यानं फॉर्मसुद्धा आणला होता. दगडाबाईनं कार्ड ट्रंकेत लुगड्यांखाली घातलं आणि ट्रंकेची किल्ली कमरेला लावली. कुणी विचारलं, वेगळ्या झालात का, तर म्हणायची, "येगळं कुठं? चूल येगळी हाय. कार्ड एकच हाय."

तर ही बाई दहावी सभासद शोधायला निघाली, आणि तिच्याबरोबर मी. मार्चचं ऊन, माझे गुडघे, आणि ही चार पावलं पुढं. मी म्हणते थांब, ही म्हणते आलंच. एक बाई भेटली, ती साळूबाईची जाऊ निघाली, परत तेच लचांड. दुसरीचं कार्ड बुलडाण्याचं. तिसरीचा नवरा म्हणाला, संस्था-बिंस्था आमच्याकडं चालत नाही, आणि दार लावून घेतलं. चौथी तयार झाली, कागद दिले, आणि संध्याकाळी कागद परत घेऊन गेली. छावणीत एक म्हातारी छान भाकरी करत होती, पण तिची लेक तिला नाशिकला घेऊन चालली होती. मी स्वतः सभासद व्हावं म्हटलं तर माझाच नियम आडवा आला. भाकरी करणारीच पाहिजे! आणि माझी भाकरी कारकुनानं पाहिली असती तर त्यानं संस्थाच रद्द केली असती.

दहा दिवस असे गेले. सोळा तारखेला पडवीत सगळ्या जमल्या. साळूबाईला जिभेवर ताबा म्हणून नाही. ती म्हणाली, "त्यात काय येवढं? मोडलेलंच घर हाय. सासू-सून म्हनायला नावाला. फाडा कार्ड आन् व्हा मोकळ्या." दगडाबाई ताडकन उठली आणि पाण्याची कळशी घेऊन बाहेर गेली. कळशी भरलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली आणि माझा तोल गेला. खोटं कशाला बोलू, मी ओरडले. म्हटलं, "दगडाबाई, दहा बायकांच्या पोटावर पाय देतेस तू! तुमच्या दहातल्या त्या राजनंदिनीनं दुसरं काम सोडलं या भाकरीच्या आशेवर. चार वर्षं झाली वेगळं राहताय, एका कागदानं काय बिघडणार आहे? एवढा कसला गं अहंकार?"

ती पीठ मळत होती. हात थांबला नाही, पण आवाज एकदम बारीक झाला.

"साहेबराव गेले तवा गोकुळला घेऊन गेले होते मी हापिसात. तिथल्या मानसानं कार्डावरच्या त्यांच्या नावावर लाल रेघ मारली. माझ्यासमोर. कार्डावर रेघ मारत्यात बाई, ती मेलेल्या मानसाच्या नावावर मारत्यात. माझी लेकरं जिती हायेत. त्यांच्या नावावर कशी मारू देऊ?"

तरी माझा हेका गेला नाही. मी म्हटलं, "अगं, तो कागद आहे नुसता."

ती पीठ तसंच टाकून निघून गेली. जाताना चपला उलट्यासुलट्या घातल्या. केशवराव आतल्या खोलीतून सगळं ऐकत होते. पेपर खाली ठेवून म्हणाले, "भानुमती, आपल्या कार्डावर चिन्मयचं नाव अजून का आहे?"

आमचा चिन्मय अकरा वर्षं झाली कॅनडात आहे. तिथला नागरिक झालाय. त्याचं नाव कमी करा म्हणून दुकानदारानं मला दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा म्हटलं होतं, बघू, पुढच्या महिन्यात. मला रडू आलं, आणि रागही आला, यांचा, दगडाबाईचा आणि त्या कारकुनाचा, सगळ्यांचा एकदम.

अठरा तारखेला दुपारी मोनिका आली. एकटी. तिच्या हातात अर्ज होता, तिच्याच सुरेख अक्षरात. सभासदत्वातून नाव मागं घेते म्हणून.

"अगं, मग नऊच उरतात," मी म्हटलं.

"माझ्या मावशीची सून आहे मिटमिट्याला. भाकरी येते तिला. मी तिच्या पाया पडून आले. ती होते म्हणली." मग जरा थांबून म्हणाली, "आत्यांचं नाव काढलं तर संस्थाच राहणार नाही. बायका त्यांच्या तोंडाकडं बघून आल्यात. माझं काय, मी घरात बसून पीठ मळून देईन."

"हे काम तू आणलंस मोनिका. फोन तू केलेस, इस्पितळात तू गेलीस."

"व्हय. पण आता कार्ड मागितलं तर लोक म्हणतील, सुनेनं संस्थेच्या नावाखाली घर फोडलं. एकदा चुलीत पाणी ओतलं, ते चार वर्षं ऐकतेय मी. माझं चुकलं होतं, बाई. त्यांना कधी बोलता आलं नाही मला." डोळे पुसून ती उठली आणि अर्ज टेबलावर ठेवून गेली.

मी तो अर्ज तसाच पर्समध्ये घातला आणि रिक्षा करून दगडाबाईकडे गेले. ती पडवीत लाकडं रचत होती, काढत होती, परत रचत होती. मी अर्ज वाचून दाखवला. वाचून होईपर्यंत ती ऐकत उभी राहिली, मग फणकारली.

"हिला कुनी सांगितलं नाव काढायला? अक्कल हाय का हिला?"

"मग तू काढ तुझं."

"बाई, तुम्हाला एक सांगते. तिला सांगू नका." तिनं पुढच्या खोलीकडे बघून घेतलं. "तिची भाकर माझ्याहून चांगली हाय. गॅसवरची, तरी चांगली हाय. मी चोरून खाल्ली होती. ती गेली तर इस्पितळातले आजारी लोक काय त्या मिटमिट्याच्या पोरीची कच्ची भाकर खातील?"

आणि तिनं कमरेची किल्ली सोडली. ट्रंक उघडली. लुगडी एकामागून एक खाली टाकली आणि कार्ड बाहेर काढून माझ्या हातात दिलं. "चला. आत्ताच्या आत्ता. सकाळपतूर माझं मन ऱ्हायचं नाय."

आत्ताच्या आत्ता कुठलं! गोकुळची संमती, प्रतिज्ञापत्र, वीजबिलाची झेरॉक्स, यातच तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत ती रोज दोनदा विचारायची, "झालं का?" आणि झालं नाही म्हटलं की तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसायचं. तेवीस तारखेला तहसीलमध्ये पुरवठ्याच्या खिडकीपुढं आम्ही उभ्या राहिलो, ती, मी आणि गोकुळ. मोनिकाला तिनंच येऊ दिलं नव्हतं. रांग लांब होती. ही चार वेळा रांग सोडून बाहेर गेली, मी चार वेळा तिला धरून आणली.

फॉर्मवर विभक्त होण्याचं कारण लिहायची एक ओळ होती. गोकुळनं "कौटुंबिक" लिहिलं होतं. दगडाबाईनं विचारलं, काय लिव्हलं? मग तिचं डोकं फिरलं.

"भांडान झाल्यासारखं वाटतंय ते. खोडा. लिव्हा, संस्थेसाठी."

"मावशी, असं कारण नसतं," खिडकीतला पोरगा म्हणाला.

"का नसतं? खरं हाय ते."

मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी मी "कौटुंबिक"च्या पुढं "व सहकारी संस्थेच्या नोंदणीसाठी" असं बारीक अक्षरात घातलं, तेव्हा तिनं अंगठा दिला. त्या पोरानं संगणकावर काय ते केलं आणि मग तिच्या कार्डाचं पुस्तक उघडलं. पट्टी घेतली. लाल पेन घेतलं. गोकुळच्या नावावर रेघ मारली. मोनिकाच्या नावावर मारली. व्यवस्थित मुलगा होता, पट्टी जराही हलली नाही.

"पोरीचं राहू द्या की," दगडाबाई म्हणाली.

"ते आईवडिलांबरोबर जातं, मावशी."

तिनं मान हलवली. तिसरी रेघ तिनं पाहिली नाही, गोकुळकडे पाहत राहिली. तिशीतला दाढीवाला गडी, पण त्यानं आईचा हात धरला होता, आणि तो सोडेना.

बाहेर मी रिक्षा केली. ही बसेचना. चालत निघाली. तहसीलपासून पडेगावपर्यंत, त्या उन्हात! रिक्षावाला तिच्या बाजूनं हळूहळू चालवत होता. "अम्मा, बैठो ना. पैसे नक्को देव," तो म्हणाला. त्यालाही काहीतरी कळलं असावं. छावणीपर्यंत ती चालली आणि तिथं तिचे पाय संपले, तेव्हा बसली. घर येईपर्यंत तिनं कार्ड उघडलं नाही.

चोवीसला मी पूर्तता दाखल केली. पंचवीस, सव्वीस काही नाही. सत्तावीस, अठ्ठावीस काही नाही. एकोणतीसला साहेब दौऱ्यावर. इस्पितळातून मोनिकाला फोन यायला लागले, कागद कुठंय? मशीनवाला ठेकेदार म्हणे दोनदा येऊन गेला. दगडाबाई रोज कचेरीच्या आवारात, शिपाई तिला ओळखायला लागला होता, त्यानं तिला एकदा आपला चहा दिला. मी रात्री उठून पाणी प्यायचे आणि केशवराव म्हणायचे, झोप आता. तीस तारखेला दुपारी सव्वाचारला सही झाली. कागदावर नोंदणी क्रमांक, गोल शिक्का, आणि मधोमध आमचा पापुद्रा. मोनिकानं तिथल्या तिथं फोटो काढून इस्पितळाला पाठवला. साळूबाईनं भर कचेरीत बोटं मोडून शिक्क्याची दृष्ट काढली. दगडाबाईनं कागद कपाळाला लावला, पण हसली नाही.

एक एप्रिलला आठशे भाकरी गेल्या. तीन तारखेला दुपारी नोंदणीनंतरची पहिली सभा, पडवीतच. मी सगळे फॉर्म घेऊन गेले होते. त्यात एक वारसाच्या नोंदीचा असतो. सभासदाच्या माघारी तिचा भाग कुणाला द्यायचा, त्याचं नाव आणि नातं लिहायचं. साळूबाईनं थोरल्या मुलाचं दिलं. राजनंदिनीनं आईचं. मोनिकानं प्रेरणाचं लिहिलं आणि उरलेल्या भाकरी मोजायला चुलीपाशी जाऊन बसली. दगडाबाईची पाळी आली. मी विचारलंसुद्धा नाही, सरळ "गो" लिहिलं.

"थांबा. मोनिका लिव्हा."

"गोकुळ नाही?"

"गोकुळला काय भाकर येती?"

बायका हसल्या. मी खोडून मोनिकाचं पूर्ण नाव लिहिलं. पुढचा रकाना नात्याचा. आणि माझं पेन अडकलं. दोनच आठवड्यांपूर्वी आम्ही प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं होतं की या दोघी वेगळ्या कुटुंबातल्या आहेत. चौतीस वर्षांचा भित्रेपणा माझ्या हातात आला. मी हळू आवाजात म्हटलं, "दगडाबाई, नातं रिकामं ठेवू का? उगीच परत कुणी खुसपट काढायला नको."

"रिकामं कशापायी?" तिचा आवाज अख्ख्या गल्लीत गेला. "कार्डावर रेघ मारली, ती मारू दिली मी. हितं नाय. काय व्हायचं ते माझं होऊ द्या. लिव्हा, सून."

मला तरी लिहवेना. मोनिका उठून आली. हाताला पीठ होतं, ते तिनं पदराला पुसलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मग फॉर्म सासूपुढं धरला, अंगठ्यासाठी.

दगडाबाईनं अंगठा दिला नाही. "आधी वाच. काय लिव्हलंस?"

"सून," मोनिका म्हणाली.

"मोठ्यानं वाच. साळूबाईला ऐकू गेलं नाय."

साळूबाई हातभर अंतरावर बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, पण ती गप्प राहिली. मोनिकानं डोळे पुसले आणि मोठ्यानं वाचलं.